किशोरवयात विचार करण्याची क्षमता कशी घडते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नऊ-दहा वर्षांपर्यंत सांगितलेले बहुतेक ऐकणारे मूल पुढच्या तीन-चार वर्षांत प्रत्येक नियमाचे कारण विचारू लागते, मोठ्यांच्या बोलण्यातली विसंगती अचूक पकडते आणि त्याच दिवशी एखादा अगदी अविचारी निर्णयही घेऊन मोकळे होते. या दोन्ही गोष्टी एकाच मुलात एकत्र कशा नांदतात, हा प्रश्न पालक आणि शिक्षक पुन्हा पुन्हा विचारतात. त्याला धरून येणाऱ्या इतर प्रश्नांसह त्याची उत्तरे येथे दिली आहेत.

किशोरवय नेमके कोणते, आणि या काळात विचारात कोणता बदल होतो?

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे या वयोगटाला किशोरवय मानते. या वयातले शारीरिक बदल डोळ्यांना दिसतात म्हणून त्यांची चर्चा होते. विचारातला बदल तितकाच मोठा असूनही तो बोलण्यातून आणि वागण्यातून अप्रत्यक्षपणे जाणवतो. लहान मुलाचा विचार समोरच्या वस्तूंना आणि स्वतःच्या अनुभवाला धरून चालतो. किशोरवयात मात्र प्रत्यक्षात काय आहे याच्या जोडीला काय काय असू शकते याचाही विचार करता येऊ लागतो. शक्यता मांडणे, एखादी गोष्ट गृहीत धरून तिचे परिणाम तपासणे, अनेक घटक एकाच वेळी ध्यानात ठेवणे, दुसऱ्याच्या जागी जाऊन पाहणे आणि स्वतःच्या विचारांकडे तटस्थपणे बघणे, ही सर्व कौशल्ये या काळात वाढतात. पण ती सारख्या वेगाने वाढत नाहीत, आणि पुढच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ या वेगातल्या फरकातच आहे.

अमूर्त विचार म्हणजे काय?

डोळ्यांसमोर नसलेल्या, किंवा कधीच असू न शकणाऱ्या गोष्टींविषयी सुसंगत विचार करणे म्हणजे अमूर्त विचार. 'समजा, सर्व मासे झाडावर राहतात. माझ्याकडे एक मासा आहे. तो कुठे राहत असेल?' असे विचारले तर सात-आठ वर्षांची बरीच मुले 'मासे पाण्यातच राहतात' असे सांगून प्रश्नच नाकारतात. चौदा वर्षांचा मुलगा हे विधान खोटे आहे हे जाणूनही ते तेवढ्यापुरते मान्य करतो आणि 'झाडावर' असे उत्तर देतो. विधान खरे आहे का, हा एक प्रश्न आणि त्या विधानातून काय निघते, हा दुसरा प्रश्न. हे दोन प्रश्न वेगळे ठेवता येणे हीच येथली प्रगती आहे. बीजगणितातले अक्षर कोणत्याही संख्येच्या जागी उभे राहू शकते हे पटणे, किंवा न्याय, स्वातंत्र्य, निष्ठा यांसारख्या कल्पनांवर एखाद्या व्यक्तीचे उदाहरण न घेता बोलता येणे, ही त्याच क्षमतेची रूपे आहेत.

ही क्षमता आली आहे हे संशोधकांनी कसे ओळखले?

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे लंबकाचा प्रयोग. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे आणि त्यांच्या सहकारी बेर्बेल इन्हेल्डर यांनी मुलांना दोरी आणि निरनिराळी वजने दिली, आणि लंबक सावकाश झुलणार की भराभर, हे कशावर ठरते ते शोधून काढायला सांगितले. दोरीची लांबी, टांगलेले वजन, किती उंचीवरून सोडले आणि किती जोराने ढकलले, असे चार घटक बदलता येत होते.

आठ-नऊ वर्षांची मुले उत्साहाने प्रयोग करतात, पण एकाच वेळी दोन गोष्टी बदलतात. लांब दोरीला जड वजन, मग आखूड दोरीला हलके वजन, असे करून पाहतात आणि 'आखूड दोरी आणि हलके वजन असले की लंबक भराभर हलतो' असा निष्कर्ष काढतात. त्यांचे निरीक्षण चुकीचे नसते. लंबक खरोखरच भराभर हललेला असतो. चूक असते ती तुलनेत. याउलट मोठ्या वयाची मुले आधी काय काय कारण असू शकेल याची मनाशी यादी करतात, तीन घटक तसेच ठेवतात, एकच बदलतात, आणि क्रमाने एकेक शक्यता बाद करत दोरीच्या लांबीपर्यंत पोहोचतात. वजनाचा काहीच परिणाम होत नाही, ही गोष्ट पुष्कळांना पटत नाही. पण पद्धत हाती असल्यामुळे ती मान्य करावी लागते.

सुमारे ११-१२ व्या वर्षापासून सुरू होणाऱ्या या टप्प्याला पियाजे यांनी औपचारिक क्रियात्मक अवस्था म्हटले. हा प्रयोग घरीही करता येतो. मुलाने उत्तर बरोबर दिले की चूक, यापेक्षा ते एका वेळी किती गोष्टी बदलते याकडे लक्ष ठेवले, तर त्याच्या विचाराची घडण अगदी जवळून दिसते.

वय वाढले की ही क्षमता आपोआप येते का?

नाही, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयातली ही सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. पियाजे यांनी स्वतःच १९७२ मध्ये आपल्या मूळ मांडणीत दुरुस्ती केली. औपचारिक विचार सर्वांमध्ये एकाच वयात येईल असे नाही. तो १५ ते २० वर्षांच्या दरम्यानही येऊ शकतो आणि ज्या क्षेत्रात माणसाची आवड व सराव आहे त्याच क्षेत्रात तो प्रथम दिसू शकतो, असे त्यांनी मांडले.

त्याआधी १९३१ आणि १९३२ मध्ये सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी उझबेकिस्तानात, शाळेत न गेलेल्या प्रौढांशी संवाद साधला होता. 'दूर उत्तरेला, जिथे बर्फ असते, तिथली सर्व अस्वले पांढरी असतात. नोवाया झेमल्या दूर उत्तरेला आहे. तिथली अस्वले कोणत्या रंगाची असतील?' या प्रश्नावर त्यांच्यापैकी अनेकांनी 'मी तिथे गेलेलो नाही, न पाहिलेल्या गोष्टीविषयी मी कसे सांगू?' अशा आशयाची उत्तरे दिली. ही माणसे बुद्धीने कमी नव्हती. आपला व्यवहार ती चोख सांभाळत होती आणि स्वतःच्या अनुभवाच्या कक्षेत उत्तम तर्कही करत होती. केवळ शब्दांत दिलेले गृहीतक धरून पुढे जाण्याची सवय त्यांना लागलेली नव्हती, आणि थोडेसे शालेय शिक्षण मिळालेल्यांमध्ये ती सहज दिसत होती.

सुशिक्षित प्रौढांचीही स्थिती फार वेगळी नाही. पीटर वॉसन यांनी १९६६ मध्ये मांडलेले कोडे पाहा. टेबलावर चार पत्ते आहेत आणि त्यांवर अ, क, ४ आणि ७ दिसत आहेत. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला अंक आहे. 'एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते', हा नियम खरा आहे का हे तपासण्यासाठी कोणते पत्ते उलटावे लागतील? बहुसंख्य लोक अ आणि ४ निवडतात. बरोबर उत्तर अ आणि ७ आहे, कारण ७ च्या मागे स्वर निघाला तर नियम मोडतो. ४ च्या मागे काहीही निघाले तरी तो मोडत नाही. हाच नियम 'मद्य पिणाऱ्याचे वय अमुक इतके असलेच पाहिजे' अशा ओळखीच्या रूपात दिला, तर बहुतेकांना तो तपासता येतो. म्हणजे तर्काची क्षमता असणे आणि नव्या, अनोळखी विषयात ती वापरता येणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर सरावाने, शिक्षणाने आणि प्रश्न विचारू देणाऱ्या माणसांच्या सहवासाने कमी होते. 'मोठा झाला की आपोआप समजेल' हे वाक्य म्हणूनच मला धोकादायक वाटते.

या काळात मेंदूत काय घडते?

सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार प्रौढ मेंदूच्या सुमारे ९० टक्के किंवा त्याहून अधिक झालेला असतो. त्यामुळे मेंदूचे काम बालपणातच पुरे झाले, असा समज दीर्घकाळ होता. पीटर हुटेनलोकर यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की मेंदूच्या पुढच्या भागातील चेतापेशींमधल्या जोडण्या बालपणात प्रौढांपेक्षा जास्त असतात आणि किशोरवयात त्या कमी होत जातात. पुढे अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत जे गीड आणि सहकाऱ्यांनी त्याच मुलांच्या मेंदूच्या एमआरआय प्रतिमा काही वर्षांच्या अंतराने पुन्हा घेतल्या. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार मेंदूच्या पुढच्या भागातील करड्या द्रव्याचे प्रमाण मुलींमध्ये सुमारे ११ व्या आणि मुलग्यांमध्ये सुमारे १२ व्या वर्षी सर्वाधिक होते आणि त्यानंतर घटू लागते.

ही घट म्हणजे हानी नव्हे. वापरात असलेल्या जोडण्या टिकतात व बळकट होतात, न वापरलेल्या कमी होतात. त्याच वेळी चेतातंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण चढत जाते आणि संदेश अधिक वेगाने पोहोचू लागतात. नियोजन, मोह आवरणे, परिणामांचा अंदाज घेणे आणि अनेक गोष्टी एकत्र ध्यानात ठेवणे यांच्याशी संबंधित असलेला कपाळामागचा भाग सर्वांत शेवटी परिपक्व होतो. हे काम विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते.

मेंदू पंचविशीपर्यंत पूर्ण विकसित होत नसेल, तर तोवर मुलांना निर्णय घेऊ देऊ नयेत का?

असा अर्थ काढणे चुकीचे आहे. पंचविसाव्या वाढदिवशी मेंदूत कोणताही पडदा उघडत नाही. बदल हळूहळू होतो आणि व्यक्तीव्यक्तीत बराच फरक असतो. शिवाय निर्णय कोणत्या परिस्थितीत घेतला जातो, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. भारतासह ११ देशांतील १० ते ३० वर्षे वयाच्या पाच हजारांहून अधिक व्यक्तींवर लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात असे दिसले की, शांतपणे, घाई नसताना आणि माहिती समोर असताना विचार करण्याची क्षमता सुमारे १६ व्या वर्षी प्रौढांच्या जवळ पोहोचते. भावना उचंबळून आलेल्या असताना स्वतःला आवरण्याची क्षमता मात्र त्यानंतरही काही वर्षे वाढत राहते.

म्हणून कोणते विषय निवडावेत, पैशांचे नियोजन कसे करावे, उपचाराविषयी डॉक्टरांना काय विचारावे, अशा विचार करायला वेळ मिळणाऱ्या निर्णयांत सोळा वर्षांच्या मुलाला खरोखरच सहभागी करून घ्यावे. रात्री उशिरा, मित्रांच्या गराड्यात, क्षणात घ्यावा लागणारा निर्णय ही वेगळी बाब आहे. तिथे आधी ठरवून ठेवलेले नियम उपयोगी पडतात.

इतकी समज असूनही मुले धोका का पत्करतात? त्यांना धोका कळत नाही का?

कळतो. किशोरवयीन मुले अनेकदा धोक्याची शक्यता प्रत्यक्षापेक्षा जास्तच मानतात. तरीही त्या क्षणी मिळणाऱ्या आनंदाचे, आणि विशेषतः बरोबरीच्या मुलांच्या नजरेतल्या स्थानाचे वजन त्यांच्या मनात अधिक असते. मार्गो गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये मोटार चालवण्याच्या संगणकीय खेळाद्वारे १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ वर्षांवरील अशा तीन गटांची तुलना केली. एकटे असताना गटांमध्ये फारसा फरक नव्हता. मित्र पाहत असताना मात्र सर्वांत लहान गटाचे धोका पत्करणे सुमारे दुपटीने वाढले आणि प्रौढांवर काही परिणाम झाला नाही.

त्याच वर्षीचा आणखी एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. 'शार्क माशांसोबत पोहणे ही चांगली कल्पना आहे का?' अशा प्रश्नांना प्रौढांनी तत्काळ 'नाही' म्हटले. किशोरवयीनांनीही 'नाही'च म्हटले, पण त्यांना वेळ अधिक लागला. प्रौढाला ही गोष्ट एका झटक्यात नकोशी वाटते, तर मूल तिचे फायदेतोटे खरोखरच मोजत बसते. त्यामुळे धोक्यांची आकडेवारी वारंवार ऐकवण्याचा परिणाम मर्यादित राहतो. 'गाडी चालवणाऱ्याने प्यायलेली असेल तर त्या गाडीत बसायचे नाही, कितीही वाजलेले असोत, मला फोन कर, मी येईन आणि त्या वेळी एकही प्रश्न विचारणार नाही', असा साधा, आधीच ठरलेला नियम त्या क्षणी अधिक कामाचा असतो.

मुलगी प्रत्येक गोष्टीवर हुज्जत घालते. हा उद्धटपणा नाही का?

काही वेळा स्वर उद्धट असतो, हे खरे. परंतु स्वर आणि मुद्दा हे वेगळे करून पाहावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. चौदा वर्षांची मुलगी म्हणते, 'बाबा, रात्री दहानंतर मोबाइल पाहिला की झोप बिघडते म्हणून तुम्ही माझा ठेवून घेता. मग तुम्ही साडेअकरापर्यंत पाहता, तुमची झोप बिघडत नाही का?' या दोन वाक्यांत तिने नियमामागचे कारण वेगळे काढले, ते सर्वसाधारण आहे हे ओळखले, दुसऱ्या उदाहरणाला लावून पाहिले आणि विसंगती दाखवली. लंबकाच्या प्रयोगात जी कौशल्ये लागतात त्यांच्याच जातीचे हे काम आहे. फक्त तपासणीसाठी दोरीऐवजी वडील आहेत.

'मोठ्यांना उलटून बोलू नये' एवढ्यावर संवाद थांबवला, तर शांतता मिळते आणि विचाराची संधी जाते. वडील असेही म्हणू शकतात : 'मुद्दा बरोबर आहे. आता मला सांग, वाढत्या वयात झोपेची गरज आणि माझ्या वयात झोपेची गरज सारखीच असते का? असली तर मीही ठेवीन. नसली तर नियम वेगळा का, ते तू मांड.' या उत्तराने वडिलांचा अधिकार कमी होत नाही. मुलीला मात्र पुरावा शोधावा लागतो, स्वतःच्या मुद्द्याच्या विरोधातली बाजू ऐकावी लागते आणि कदाचित मत बदलावेही लागते. स्वर चढला तर 'हेच शांतपणे सांग' असे म्हणावे आणि मुद्दा ऐकून घ्यावा.

'सगळे माझ्याकडेच बघतात' आणि 'माझे दुःख कोणालाच कळणार नाही' असे मुलांना का वाटते?

दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल याची कल्पना करण्याची क्षमता नव्याने बळकट झालेली असते. पण स्वतःच्या मनाला व्यापून असलेली गोष्टच इतरांच्याही मनात असेल, अशी गफलत होते. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये याला कल्पित प्रेक्षक म्हटले. कपाळावरच्या एका मुरमामुळे शाळा बुडवावीशी वाटते ती या प्रेक्षकांमुळे. आपला अनुभव जगावेगळा आहे, ही जोडीची भावनाही त्यांनी नोंदवली. ही गफलत खऱ्या मैत्रीतून आणि मोकळ्या बोलण्यातून ओसरते. 'कोण बघतंय तुझ्याकडे?' असे म्हणून ती घालवता येत नाही, उलट समजून घेणारे कोणी नाही हा समज पक्का होतो.

'ज्याचे त्याचे मत' असे म्हणून मुलगा प्रत्येक चर्चा संपवतो. त्याला कसे समजवावे?

हा टप्पा अपेक्षित आहे. डिएना कून यांच्या संशोधनात ज्ञानाविषयीच्या समजुतीची वाटचाल दिसते. आधी मुलांना प्रत्येक प्रश्नाचे एकच बरोबर उत्तर आहे असे वाटते. जाणकारांमध्येही मतभेद असतात हे कळले की सर्व मते सारखीच योग्य वाटू लागतात. त्यापुढे काही मतांना अधिक चांगला पुरावा असतो हे उमगते. अनेक माणसे, प्रौढसुद्धा, मधल्या टप्प्यावरच राहतात. 'तुझे मत चुकीचे आहे हे कोणत्या गोष्टीने सिद्ध होईल?' हा एक प्रश्न, न चिडता आणि स्वतःच्या मतालाही लावून, वारंवार विचारावा.

मुलगे आणि मुली यांच्यात फरक असतो का?

मेंदूतील काही बदल मुलींमध्ये सरासरीने थोडे आधी घडतात. तर्कक्षमतेच्या बाबतीत मात्र एका मुलीत आणि दुसऱ्या मुलीत जितका फरक सापडतो, त्यापुढे दोन गटांच्या सरासरीतला फरक किरकोळ ठरतो. त्यावरून कोणासाठीही विषय किंवा क्षेत्र ठरवू नये.

झोपेचा विचारक्षमतेशी कितपत संबंध आहे?

फार जवळचा आहे. किशोरवयात मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे लवकर झोप येत नाही आणि सकाळी जाग येत नाही. यात आळसापेक्षा शरीरधर्माचा भाग मोठा असतो. १३ ते १८ वर्षांच्या मुलांनी ८ ते १० तास झोपावे, अशी अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची २०१६ ची शिफारस आहे. अपुऱ्या झोपेचा पहिला फटका लक्ष, स्मरण आणि राग आवरणे यांना बसतो. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण म्हणूनच तोट्याचे ठरते.

अभ्यासात या वाढत्या क्षमतेचा उपयोग कसा करून घ्यावा?

आपल्याला काय समजले आहे आणि काय समजलेले नाही हे ओळखण्याच्या क्षमतेला जॉन फ्लॅवेल यांनी १९७० च्या दशकात स्वतंत्र नाव देऊन तिचा अभ्यास सुरू केला. आपल्याकडे तिला अधिबोध म्हणतात. ती किशोरवयात वाढत जाते, पण धडा पुन्हा पुन्हा वाचण्याने फसगत होते, कारण ओळखीची वाटणारी ओळ समजल्यासारखी वाटते. पुस्तक मिटून आठवेल तेवढे कागदावर लिहावे आणि मग ताडून पाहावे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवले की पाच मिनिटांनंतर घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे असतात, पण आठवड्याने आठवून पाहणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहते. चूक सापडली की उत्तर दुरुस्त करून न थांबता 'मी असा विचार का केला?' हे एका वाक्यात लिहिण्याची सवय लावावी.

तज्ज्ञांचा सल्ला केव्हा घ्यावा?

वाद घालणे, मूड बदलणे, एकांत हवासा वाटणे यांसाठी धावाधाव करण्याचे कारण नाही. मात्र आधी सहज जमणारी गोष्ट जमेनाशी झाली, म्हणजे लक्ष लागणे, वाचलेले समजणे किंवा साधे निर्णय घेणे यांत स्पष्ट घसरण दिसली आणि ती काही आठवडे टिकली, झोप व भूक बिघडली, मित्रांशी संबंध तुटले किंवा विचारांची संगतीच लागेनाशी झाली, तर बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांना भेटावे. जगण्याविषयी निराशेचे, स्वतःला इजा करण्याचे बोलणे कानावर आले तर वाट पाहू नये; मुलाला एकटे न ठेवता त्याच दिवशी मदत घ्यावी. असे विचार मनात येतात का, हे मुलाला थेट विचारायला पालक कचरतात, विचारल्याने ती कल्पना त्याच्या मनात रुजेल अशी त्यांना भीती वाटते. तसे होत नाही. शांतपणे विचारलेल्या प्रश्नामुळे मूल बोलू लागण्याची शक्यता वाढते. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी मुलाशी काही वेळ एकांतात बोलावे, असा आग्रह पालकांनी स्वतःहून धरावा.